तीन बॅगांचा सेट घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे स्पष्ट राहील. तुम्ही परळच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता आणि इमारतीला लिफ्ट नाही. घरात तुम्ही, यजमान, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई अशी चार माणसे आहेत. गणपतीला राजापूरजवळच्या गावी जाणे, यजमानांचे कामानिमित्त दोन-दोन दिवसांचे दिल्ली-बंगळूरचे विमानप्रवास, मे महिन्यात सर्वांनी मिळून रेल्वेने हरिद्वार आणि तिथून केदारनाथ, आणि येत्या हिवाळ्यात तुम्हा उभयतांचा बहिणीकडे न्यू जर्सीला दोन महिन्यांचा मुक्काम, असे चार प्रकारचे प्रवास तुमच्यासमोर आहेत. दुकानदाराने लहान, मध्यम आणि मोठी अशा चार चाकी हार्ड बॅगांचा सेट सवलतीत देऊ केला आहे, तो घेतला की सगळे भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. माळ्यावरची जुनी दोन चाकी कापडी बॅग टाकून द्यावी का, हा त्याला जोडलेला उपप्रश्न.

सेट घेणे चुकीचेच असते असे मला म्हणायचे नाही. परंतु सेटमधल्या तिन्ही बॅगा एकाच स्वभावाच्या असतात, फक्त माप बदलते. तुमचे चार प्रवास मात्र स्वभावानेच निराळे आहेत. दादरमध्ये बॅगांची विक्री आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे मी अनेक वर्षे करत आलो आहे. विकत घेताना माणसे किती कपडे मावतील हे विचारतात. दुरुस्तीला आलेल्या बॅगा मात्र वेगळेच सांगतात. त्यांची बहुतेक मोडतोड चाकांच्या बैठकीत आणि ओढायच्या दांड्यात असते, आणि ती भरलेली बॅग जिन्यावरून पायरी-पायरीने आपटत उतरवल्यामुळे, पुलाच्या पायऱ्यांवर एका हाताने हिसकल्यामुळे किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून फरफटत नेल्यामुळे झालेली असते. म्हणून बॅग ठरवताना मी प्रथम एवढेच विचारतो, की घराच्या दारापासून मुक्कामाच्या खोलीपर्यंत सामान उचलावे लागेल असा सर्वांत अवघड टप्पा कोणता, आणि त्या टप्प्यावर ते उचलणार कोण. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की हार्ड की कापडी, दोन चाके की चार, हे बरेचसे आपोआप ठरते.

तुमच्या बाबतीत पहिला अवघड टप्पा प्रवास सुरू होण्यापूर्वीच येतो, तो म्हणजे तीन मजल्यांचा जिना. जुन्या इमारतींचे जिने अरुंद असतात आणि वळणावर मोठी बॅग आडवी धरता येत नाही. घरातील जे माणूस बॅग उचलणार आहे, त्याला ती एका हाताने, दुसरा हात कठड्यावर ठेवून, न थांबता खाली नेता आली पाहिजे. बहुतेक धडधाकट माणसांसाठी ही मर्यादा १२ ते १५ किलोच्या आसपास असते, आणि मनगट किंवा कंबर दुखत असेल तर त्याहून बरीच कमी. तुमच्या घरात नेमके कोण किती उचलू शकते हे मला माहीत नसल्यामुळे हा आकडा तुम्हीच ठरवायचा आहे. मात्र एका मोठ्या बॅगेऐवजी दोन मध्यम बॅगा, हे तत्त्व लिफ्ट नसलेल्या घराला जवळजवळ नेहमीच लागू पडते.

दुसरी गोष्ट रिकाम्या बॅगेच्या वजनाची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ५५ सेंटीमीटरची, म्हणजे दुकानात जिला २० इंची म्हणतात ती बॅग साधारण अडीच किलोची असते, ६५ ते ६८ सेंटीमीटरची मध्यम बॅग तीन ते पावणेचार किलोची, आणि ७५ सेंटीमीटरच्या पुढची मोठी बॅग चार ते पाच किलोची. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो चेक-इन सामान आणि ७ किलो हातातले सामान नेता येते. १५ किलोंच्या मर्यादेत साडेचार किलोची बॅग नेली, तर जवळपास एक तृतीयांश वजन बॅगेचेच होते. शिवाय मोठ्या बॅगेत जागा दिसली की आपण ती भरतो. त्यामुळे देशातल्या विमानप्रवासासाठी सेटमधली मोठी बॅग मी कोणालाच सुचवत नाही. १५ किलो सामान मध्यम बॅगेत व्यवस्थित बसते.

मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या आणि पुष्कळ अ‍ॅपवरच्या गाड्यांच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर असतो. उरलेल्या जागेत एक मध्यम हार्ड बॅग आणि तिच्यावर एखादी पिशवी बसते. दुसरी हार्ड बॅग मांडीवर किंवा टपावरच्या कॅरिअरवर जाते. कापडी बॅग सिलिंडरच्या बाजूला दाबून बसवता येते, हार्ड बॅगेला तेवढी लवचीकता नसते. परळहून तुम्हाला टॅक्सीच मिळणार, कारण रिक्षा वांद्रे आणि शीवच्या अलीकडे येत नाहीत. त्यामुळे चार माणसे आणि तीन हार्ड बॅगा एका टॅक्सीत बसवण्याचा बेत असेल, तर तो घरातून निघण्यापूर्वीच सोडून द्यावा.

आता एकेक प्रवास घेऊ. गणपतीच्या प्रवासाबद्दल मी सर्वांत सविस्तर लिहितो, कारण चाकांच्या बॅगा सर्वाधिक त्रास याच प्रवासात देतात. दादरला फलाटावर प्रचंड गर्दी असते आणि पुलाच्या पायऱ्यांवर चाकांचा काही उपयोग नसतो. राजापूर रोडला गाडी थोडाच वेळ थांबते, त्यामुळे माणसे आणि सामान झटपट उतरवावे लागते, आणि त्या वेळी बॅग हातातून हातात देता येणे फार महत्त्वाचे ठरते. स्टेशन गावापासून दूर असल्यामुळे पुढे रिक्षा किंवा एसटी आलीच. त्यानंतर वाडीतल्या घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, असेल, तर चार लहान चाके पहिल्याच पायरीला निरुपयोगी होतात. आणि भाद्रपदातला पाऊस असेल तर लाल चिखल चाकांच्या बैठकीत जाऊन घट्ट बसतो. तो वाळल्यावर चाक फिरत नाही आणि माणसे बॅग तशीच ओढतात, मग चाक एका बाजूने झिजून सपाट होते.

या प्रवासाला मी बिनचाकांची डफल बॅग सुचवतो, ५० ते ६० लिटरची, एकाऐवजी दोन. ती घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. हातात धरायचे पट्टे बॅगेच्या तळाखालून पूर्ण फिरवून शिवलेले असावेत. नुसते कडेला टाचलेले पट्टे वजनाने उसवतात आणि सोबत कापडही फाडतात. खांद्याचा पट्टा रुंद असावा आणि त्याच्या कड्या शक्यतो धातूच्या असाव्यात. कापड ६०० डेनियर किंवा त्याहून जाड असावे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर लांब धाग्याचे ग्रॅममधले वजन, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका धागा जाड. मात्र एकाच डेनियरमध्ये नायलॉन हे पॉलिएस्टरपेक्षा घासले जाणे अधिक सोसते. पावसाबद्दल एवढेच सांगतो, की पाणी कापडातून येण्याआधी चेनमधून आणि शिवणीतून येते. म्हणून बॅग वॉटरप्रूफ आहे या शब्दावर विसंबू नये. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे भरावेत आणि तोंड पिळून दुमडावे. हार्ड बॅगेलाही चेन असते, तेव्हा भर पावसात तीही आतून पूर्ण कोरडी राहील अशी खात्री देता येत नाही.

कोकणातून परतताना सामान वाढते, हे वेगळे सांगायला नको. नारळ, कोकम, तांदूळ, कुळीथ यांना आकारापेक्षा वजन जास्त असते, आणि ते कपड्यांच्या बॅगेत कोंबले की चेन फाटते. यासाठी घडी करून नेता येणारी जाड कॅनव्हासची पिशवी जातानाच बॅगेच्या तळाशी ठेवावी. परतीच्या सामानासाठी जाताना मोठी बॅग अर्धी रिकामी नेणे मला पटत नाही, कारण अर्धी रिकामी बॅग उचलायला अधिक अवघड असते. आतले सामान सरकत राहते आणि तोल जातो.

हरिद्वारच्या प्रवासाचे गणित निराळे आहे. रेल्वेत वजनाची अडचण सहसा येत नाही: मोफत सामानाची मर्यादा फर्स्ट एसीत माणशी ७० किलो, टू टियरला ५०, थ्री टियर आणि स्लीपरला ४० किलो अशी आहे. अडचण येते ती मापाची. डब्यात नेण्याच्या ट्रंक किंवा सुटकेसचे माप रेल्वेने जास्तीत जास्त १०० × ६० × २५ सेंटीमीटर असे ठरवले आहे, आणि एसी थ्री टियर व चेअर कारसाठी ते ५५ × ४५ × २२.५ सेंटीमीटर इतके लहान आहे. यातली शेवटची संख्या, म्हणजे जाडी, हीच खरी कसोटी आहे. मोठ्या हार्ड बॅगेची जाडी ३० सेंटीमीटरच्या आसपास असते. ती खालच्या बर्थखाली पूर्ण सरकत नाही, बाहेर येऊन पायात राहते आणि रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची ठोकर खाते. कापडी बॅग दाबून आत सारता येते. हार्ड बॅगेची दुसरी गैरसोय अशी, की ती मधोमध उघडते आणि दोन्ही भाग पसरायला दुप्पट जागा लागते. धावत्या गाडीत बर्थवर ती उघडून एक स्वेटर काढणे फार जिकिरीचे होते. कापडी बॅगेचे झाकण वरून उघडते आणि तिला बाहेरचे कप्पे असतात, त्यांत चादर, टॉवेल आणि डब्यात लागणाऱ्या वस्तू ठेवता येतात.

चार चाकी बॅग रेल्वेत आणखी एका कारणाने त्रासदायक ठरते: गाडीने ब्रेक लावला की ती उभी राहत नाही, आपली आपण निघते. दोन चाकी बॅग जागेवर राहते. शिवाय दोन चाकी बॅगेची चाके सहसा मोठी आणि कवचात अर्धी लपलेली असतात, त्यामुळे खडबडीत फलाटावर आणि रस्त्यावर ती टिकतात. म्हणून रेल्वेच्या लांबच्या प्रवासाला मध्यम आकाराची, दोन चाकी, कापडी बॅग ही माझी पहिली पसंती असते. तिची मुठ भक्कम आहे का, हेही पाहावे, कारण बर्थखालच्या कडीतून साखळी घालून बॅग बांधायची ती मुठीलाच.

केदारनाथसाठी या मोठ्या बॅगा वर न्यायच्याच नाहीत. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे आणि मंदिर ३,५८३ मीटर उंचीवर आहे. मोठे सामान खालच्या मुक्कामी ठेवून माणशी एक २५ ते ३० लिटरची पाठीवरची सॅक न्यावी. छातीवरचा आणि कमरेवरचा पट्टा असलेलीच सॅक घ्यावी. कमरेचा पट्टा नीट आवळला की वजनाचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेवर उतरतो, आणि चढावर त्याचा फरक पहिल्या तासातच जाणवतो. गरम कपडे वजनाला हलके पण जागा खाणारे असतात, म्हणून इथे किलोपेक्षा लिटरचा विचार करावा. तुमच्या सासूबाई घोड्यावरून गेल्या किंवा खालीच थांबल्या तरी त्यांच्या खांद्याला फक्त औषधे, पाण्याची बाटली आणि शाल एवढीच लहान पिशवी असावी. घरातील वयस्क माणसाला स्वतःची चाकांची बॅग देऊन आपण स्वावलंबनाचा मान देतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात गर्दीच्या पुलावर ती बॅग त्यांच्या पायांत येते आणि कठडा धरायचा हात अडकून राहतो. गुप्तकाशीच्या दिशेने जाणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सामान टपावर दोरीने आवळून ताडपत्रीखाली बांधतात, तिथेही कापडी बॅगाच बऱ्या.

यजमानांच्या कामाच्या प्रवासाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्यासाठी सेटमधली लहान चार चाकी हार्ड बॅग अगदी योग्य आहे. विमानतळाची फरशी गुळगुळीत असते, बॅग शेजारून ढकलत नेता येते आणि इस्त्रीचे कपडे चुरगळत नाहीत. फक्त मापे चाकांसह घ्यावीत. हातातल्या बॅगेसाठी सर्वत्र दिसणारे माप ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर, म्हणजे तिन्हींची बेरीज ११५ असे आहे. बॅग फुगवून जादा जागा करणारी चेन उघडली की जाडी २५ च्या पुढे जाते आणि बॅग नियमाबाहेर पडते. एटीआरसारख्या छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असल्याने अशी बॅग दारातच घेऊन खाली ठेवतात, तेव्हा लॅपटॉप आणि कागद काढून घेता येतील असे वेगळे पाकीट तिच्यात वर असावे. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातच ठेवावी. १०० वॉट-अवरपर्यंतची विनापरवानगी नेता येते, आणि नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवरची असते.

अमेरिकेचा प्रवास हा एकमेव प्रवास आहे ज्यासाठी मोठी बॅग खरोखर लागते. या मार्गावर बहुतेक विमान कंपन्या नगावर हिशेब करतात: नेहमीची मर्यादा २३ किलोंची, नगाची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटीमीटर. माणशी दोन नग मिळतात की एक, हे तिकिटाच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून तिकीट हाती आल्याशिवाय मोठी बॅग घेऊच नये. जादा पैसे भरले तरी एका नगाचे वजन ३२ किलोंच्या पुढे सहसा स्वीकारत नाहीत, कारण ती बॅग विमानतळावरच्या कामगारांना हाताने उचलावी लागते. मसाले, पिठे, भाजण्या अशा जड वस्तू भरल्या की ७५ सेंटीमीटरची बॅग पूर्ण भरण्याआधीच २३ किलो होतात. घरी वजन करण्यासाठी मुठीला अडकवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा आणि एक किलो हात राखून भरावे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र सामानात घालू नयेत. तेलाच्या अंशामुळे खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते विमानात वर्ज्य मानले जाते. लोणच्याची काचेची बरणी हार्ड बॅगेत सुरक्षित राहते असा समज आहे, तो पुरेसा खरा नाही. कवच दाबापासून वाचवते, पण बॅग आपटल्याचा हादरा आतपर्यंत पोहोचतोच. बरणी प्लास्टिकची असावी, दुहेरी पिशवीत बांधलेली असावी आणि चारही बाजूंनी कपड्यांनी वेढलेली असावी.

या बॅगेला टीएसएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ-सुरक्षा यंत्रणेचे, चिन्ह असलेले कुलूप घ्यावे. अमेरिकेत तपासणी करणाऱ्यांकडे त्याची चावी असते. दुसरे कुलूप असेल तर ते तोडून बॅग उघडली जाऊ शकते. कोणतेही कुलूप असले तरी साध्या गुंडाळी चेनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या तारेच्या वेटोळ्यांनी बनलेल्या चेनच्या, दातांत बॉलपेनचे टोक खुपसले की ती उघडते आणि रनर पुन्हा फिरवला की मिटतेही. त्यामुळे दागिने, पैसे आणि कागदपत्रे चेक-इन बॅगेत ठेवू नयेत. तुमच्या जिन्याचा विचार करता, मोठ्या बॅगेला वरची आणि बाजूची मूठ असतेच, पण तळाशीही बोटे अडकवण्याची खाच असलेली बॅग निवडावी, म्हणजे २३ किलोंची बॅग मुलगा आणि आणखी एक जण अशी दोघे मिळून उतरवू शकतील.

हार्ड बॅगेचे कवच कशाचे आहे, हे लेबलवर लिहिलेले असते आणि ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एबीएस हे प्लास्टिक स्वस्त आणि ताठ असते; जोरात आपटले की कोपऱ्यात तडा जातो. पॉलिकार्बोनेट वाकते आणि पुन्हा मूळ आकाराला येते, म्हणून ते महाग असते. पॉलिप्रॉपिलीन हलके आणि चिवट असते, त्यावर ओरखडे उठतात पण ते सहजासहजी फुटत नाही. काही बॅगांवर एबीएस आणि पॉलिकार्बोनेट अशी दोन्ही नावे असतात. अशा वेळी पॉलिकार्बोनेट बहुधा वरच्या थरापुरते असते. वर्षातून एखादा विमानप्रवास असेल तर एबीएसने काम भागते. यजमानांच्या बॅगेसाठी मात्र पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्यावे.

दुकानात बॅग रिकामी ढकलून पाहण्याने काही कळत नाही, कारण रिकामी प्रत्येक बॅग सुरेख धावते. दुकानदाराला तिच्यात पाच-सात किलो काहीतरी ठेवायला सांगावे आणि ती दाराबाहेर फुटपाथवर दहा-वीस पावले ओढून पाहावी. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. दांडा पूर्ण बाहेर काढून हलकेच पिळावा. थोडा ढिलेपणा सर्वच दांड्यांत असतो, पण दोन नळ्या एकमेकींपासून वेगळ्या हलत असतील तर ती बॅग घेऊ नये. चेन कोपऱ्यावरून फिरवताना अडखळते का, ते पाहावे. मग आतल्या अस्तराला चेन आहे का, हे आवर्जून तपासावे. अस्तर उघडता आले तर दांड्याचे आणि चाकांचे स्क्रू हाती लागतात आणि दुरुस्ती सोपी होते; अस्तर चिकटवलेले आणि चाके रिव्हेट मारलेली असतील, तर पहिल्या बिघाडालाच अस्तर कापावे लागते. माझ्या दृष्टीने ब्रँडच्या नावापेक्षा हा मुद्दा मोठा आहे. वॉरंटीतही सहसा निर्मितीतला दोष धरतात, विमानात झालेली मोडतोड धरत नाहीत. ती तक्रार विमान कंपनीकडे, विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच नोंदवून लेखी पावती घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करण्याची मुदत असते, पण बाहेर पडल्यावर सिद्ध करणे अवघड जाते.

हे सगळे तुमच्या घराला लावून पाहता, सेट घेऊ नये असे माझे मत आहे. त्यातली लहान बॅग तुमच्या रोजच्या उपयोगाची आहे, मोठी फक्त अमेरिकेपुरती आहे, आणि मध्यम हार्ड बॅग तुमच्या गावच्या आणि रेल्वेच्या दोन्ही प्रवासांत गैरसोयीची ठरेल. आत्ता एक चांगली लहान चार चाकी हार्ड बॅग, दोन डफल बॅगा आणि एक-दोन सॅक घ्याव्यात. मे महिन्याच्या आधी रेल्वेसाठी दोन मध्यम कापडी बॅगा लागतील, त्यांतली एक कदाचित तुमच्या माळ्यावरच आहे. मोठ्या बॅगा तिकीट काढल्यावर घ्याव्यात. दोन महिन्यांचा हा एकच प्रवास असेल, तर नात्यातल्या कोणाकडून त्या मागून आणण्यात काहीच कमीपणा नाही. परदेशात नेलेल्या मोठ्या बॅगा पुढे अनेक वर्षे माळ्यावर पडून राहतात, आणि मुंबईच्या दमट हवेत बॅग वापराने होते तितकीच पडून राहूनही खराब होते.

याच कारणाने माळ्यावरची बॅग टाकण्याआधी नीट तपासून घ्यावी. कापडाच्या आतल्या बाजूला आणि पुष्कळ चाकांवर पॉलियुरेथेन असते. हवेतल्या ओलाव्याने ते वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होते. आधी चिकट होते, मग त्याचे पापुद्रे आणि भुगा पडू लागतो. आतून हात फिरवल्यावर हाताला काळा किंवा पांढरा चिकट भुगा लागत असेल, तर त्या बॅगेवर खर्च करू नये, कारण तो थर पुन्हा लावता येत नाही आणि कपड्यांना लागत राहतो. अस्तर कोरडे आणि घट्ट असेल, फक्त बुरशीचा वास येत असेल, तर सगळ्या चेन उघडून दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवावी, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वाळवावी. चाक फिरत नसेल तर ते बदलण्याआधी आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे चिमट्याने काढून पाहावेत. अडकलेली कितीतरी चाके एवढ्यानेच मोकळी होतात. चेन जड चालत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासावी, खोबरेल तेल लावू नये, कारण तेलावर धूळ बसते. चाकाच्या बैठकीचे प्लास्टिकच तडकले असेल तर नवे चाक तिथे टिकणार नाही. पण बैठक शाबूत असेल आणि फक्त चाके झिजली असतील, तर ती जरूर बदलून घ्यावीत, आणि एकच झिजले असले तरी दोन्ही एकदम बदलावीत, नाहीतर बॅग एका बाजूला ओढत राहते आणि नवे चाकही लवकर झिजते.